चादरीचं दुसरं टोक

१

लॉन्ड्रीचं शटर वर जाण्याआधी मावशी कोनाड्यातल्या देवापुढे दिवा लावायची आणि आभार मानायची. मागायची काही नाही. मागणं एकदाच मागून झालं होतं, आणि पुन्हा कधी हात पसरणार नाही असा शब्द तिने देवाला दिला होता. तेच तिचं व्रत. नळाला पाणी आलं, आभार. यजमानांच्या गुडघ्यांनी आजही जिना सोसला, आभार. लेकीची जीभ तिखट आहे पण हाताला चव आहे, आभार. आणि सगळ्यात शेवटी, दिव्याच्या वातीलाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात: पिलू घरात आहे. आभार.

पिलू म्हणजे तिचा मुलगा. वय सव्वीस, उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, खांदे पैलवानाचे आणि मन सहा वर्षांच्या पोराचं. हिशेब त्याला येत नव्हता, रस्ता एकट्याने ओलांडता येत नव्हता, आणि खोटं बोलता येत नव्हतं. अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं. गिऱ्हाईक काउंटरवर यायचं आणि विचारायचं, "पिलू, माझी पँट खरंच तयार आहे का, की तुझी ताई थापा मारतेय?" पिलू मान हलवून सांगायचा, "थापा मारतेय." ताई कपाळावर हात मारायची.

पण चादरीची घडी घालावी ती पिलूनेच. स्टेशनाजवळच्या लॉजच्या डबल बेडच्या चादरी इथे यायच्या. खळ घातलेल्या, कडक, पत्र्यासारख्या वाजणाऱ्या. त्या घड्यांना दोन माणसं लागतात. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एकदा झटकायची, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. एकट्याने करायला गेलं की चादर जमिनीला लागते, आणि जमिनीला लागलेली चादर या दुकानात पुन्हा धुवायला जाते. दुसरा नियम पंख्याचा. घडीच्या खोलीत काम चालू असताना पंखा बंद. वारं लागलं की चादर शिडासारखी फुगते आणि टोकं हातातून सुटतात. घामाच्या धारा लागल्या तरी चालेल, बटणाला हात लावायचा नाही.

दुपारी सगळे मागच्या स्वयंपाकघरात जेवायला बसायचे. पिलूला भूक आधी लागायची, त्यामुळे तो आधीच जेवून घडीच्या खोलीत चादरींच्या ढिगाशेजारी बसून राहायचा. कोणीतरी येईल आणि दुसरं टोक धरेल याची वाट बघत. वाट बघायला त्याला कधी कंटाळा आला नाही.

त्या दुपारी मावशी हात पुसत खोलीत गेली तेव्हा ढीग नव्हता. फळीवर चादरी रचलेल्या होत्या. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा. मधली दुमड तर अशी की हात फिरवला तर बोट कापेल.

"ताई, तू घातल्यास का गं घड्या?"

"मी? तुझ्यासमोर बसून जेवले की! माझे हात काय रबराचे आहेत, भिंतीतून वळवून घालायला?"

"मग अहो, तुम्ही?"

यजमानांनी ताटावरून मान वर केली. "शिकला असेल एकटा. तू उगाच त्याला कमी समजतेस."

मावशीने वरची चादर उलगडून उजेडात धरली. धुळीचा ठिपका नव्हता. चादर जमिनीला लागलेली नव्हती. तिचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांनी का होईना, लेकरू एक गोष्ट एकट्याने करायला शिकलं. ती तशीच कोनाड्यापाशी गेली आणि म्हणाली, "आभार."

पिलू तिच्याकडे बघून हसला. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे बघूनही हसला.

२

मावशीने देवाकडे मागितलं काय होतं, ते सांगायचं तर गाडीवाल्याबद्दल सांगावं लागेल.

लॉजच्या चादरी तो तीनचाकी गाडीवरून आणायचा आणि न्यायचा. शिट्टी वाजवत यायचा, दारातल्या खुंटीला शर्ट अडकवायचा आणि बनियनवर गाठोडी उतरवायचा. हसरा माणूस. पिलूचं दुसरं टोक धरायचा आणि टोकाला टोक मिळवताना मुद्दाम नाचत यायचा. पिलू त्याला काका म्हणायचा. आपल्या खुळ्या पोराशी कोणी हौसेने खेळतंय, याचंच मावशीला कोण अप्रूप. आईबापाला आणखी काय पाहिजे असतं?

मग एक दिवस ताईला गाठोड्याच्या पोटात पुड्या सापडल्या. गाडीवाला पिलूच्या हातात पुडी द्यायचा आणि कोपऱ्यावरच्या टोपीवाल्याकडे पाठवायचा. पिलू आनंदाने जायचा. काकांनी काम सांगितलंय म्हटल्यावर त्याची छाती फुगायची.

यजमानांनी त्याला घडीच्या खोलीत गाठलं. पिलू आणि ताई चादर ताणून उभे होते.

"उद्यापासून इथे पाऊल ठेवायचं नाही," यजमान म्हणाले. "नाहीतर मी चौकीवर जातो."

"जा की," गाडीवाला हसला. "पण मालक, पुड्या कोणाच्या हातून गेल्या ते सांगायला विसरू नका. टोपीवाला मला ओळखत नाही. तो तुमच्या पिलूला ओळखतो."

यजमानांनी त्याची मनगटं धरली, त्याने यजमानांची गचांडी. तेव्हा पिलूने चादर सोडली. उभ्या जन्मात त्याने मुंगी चिरडली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी काकांना फक्त बाजूला केलं, कपाट सरकवावं तसं. गाडीवाला मागे गेला आणि इस्त्रीच्या टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर त्याचं डोकं आपटलं. ओल्या कपड्यांचा पिळा दगडावर पडावा तसा आवाज झाला.

पिलू बघत होता म्हणून मावशीने पडलेली चादर उचलली आणि त्या माणसावर घातली. पायांपासून तोंडापर्यंत. तोंडावरून नीट सारखीसुद्धा केली.

चादर हलली.

"अहो, हलली."

"पंखा आहे," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला होता.

पंखा आहे, असं मावशीनेही मनाशी म्हटलं. माणसाला जे हवं असतं ते लगेच पटतं. ताईने पिलूला वर नेलं. मावशी आणि यजमानांनी चादरीची कड सगळीकडून खाली खोचली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. मग चादर हलेनाशी झाली, आणि मळक्या चादरींच्या गाठोड्यात ते ओझं कालव्याकडे गेलं. त्याची गाडी पुलाजवळ सापडली. तो सापडला नाही.

सगळं उरकल्यावर मावशी कोनाड्यापुढे बसली आणि आयुष्यातलं शेवटचं मागणं मागितलं. "आम्ही काही जन्माला पुरणार नाही. ताईचाही संसार होईल. आमच्यामागे याला एकटं ठेवू नकोस. त्याची सोबत करेल, त्याला राखेल, असं कोणीतरी दे. पुन्हा काही मागणार नाही. जे देशील त्याचे रोज आभार मानीन."

एक गोष्ट मात्र राहिली. दुसऱ्या दिवशी खुंटीवर गाडीवाल्याचा शर्ट तसाच लटकत होता. तो जाळायचा, फाडायचा, कालव्यात टाकायचा, असं कोणालाही सुचलं असतं. मावशीने तो धुतला. तिचं डोकं जागेवर नव्हतं, पण हात जागेवर होते. दुकानात राहिलेला कपडा म्हणजे गिऱ्हाइकाची ठेव. तिने कॉलर ब्रशने घासली, खळ घातली, इस्त्री केली. कफाचं बटण तुटलं होतं, आधीच कधीतरी तुटलं असणार. बटण नसलेला कपडा या दुकानातून बाहेर जात नाही. तिने डबा उघडला आणि पिलूच्या लहानपणीच्या शर्टाचं एक निळं बटण तिथे लावलं. मग शर्ट हँगरला लावून, न नेलेले कपडे असतात त्या दांडीवर टांगला आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

"जाळून टाक तो!" यजमान म्हणाले.

"धुतलेला कपडा कसा जाळू?" मावशी म्हणाली. आणि खरंच, तिच्याने ते झालं नाही. यजमानांनीही नंतर तो विषय काढला नाही. तेही याच धंद्यात म्हातारे झाले होते.

३

घड्या रोज होऊ लागल्या. यजमानांनी लॉजच्या मॅनेजरला ऐटीत सांगितलं की आमचा पिलू आता एकटा घड्या घालतो. मॅनेजर म्हणाला, "तरीच! हल्ली चादर बघून गिऱ्हाइकाला झोपायचा धीर होत नाही." मावशी त्या कौतुकावर चार दिवस तरंगत होती.

शर्ट तिने दांडी पुसताना बघितला. इतक्यांदा पुसली होती ती दांडी. त्या दिवशी हात कॉलरला लागला आणि कॉलर ओलसर लागली.

तिने शर्ट उतरवून उजेडात नेला. कॉलरच्या आतल्या बाजूला मळीची बारीक रेघ होती. काखेत घामाचा डाग. कोपरांवर चुण्या, हात वाकतो तिथे पडतात तशा. चाळीस वर्षं लोकांचे कपडे धुतल्यावर माणूस कपड्याचा चेहरा ओळखतो. टांगलेला शर्ट धुळीने मळतो, बाहेरून. अंगातला शर्ट आतून मळतो. हा आतून मळला होता.

तिने तो धुतला, इस्त्री केला, पुन्हा टांगला. मनाशी म्हणाली, बॉयलरची वाफ असेल. मग वाफ शेजारच्या शर्टाला का लागत नाही? तिने मुद्दाम यजमानांचा एक धुतलेला शर्ट त्याच्या शेजारी लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी यजमानांचा शर्ट होता तसा कोरा करकरीत. आणि दुसऱ्याची कॉलर मळलेली.

पिलू घालत असेल, असं तिने धरून बघितलं. पण तो शर्ट पिलूच्या एका खांद्यालाही पुरला नसता. शिवण उसवली असती. ताई त्या दांडीकडे पाठ करूनच चालायची. यजमान तर दांडीच्या बाजूचा चहाचा कपही उचलायला तिकडे जात नसत.

सगळ्या वाटा बंद झाल्या की माणूस एक तर वेडा होतो, नाहीतर कामाला लागतो. मावशी कामाला लागली. रोज सकाळी दिव्यानंतर ती तो शर्ट धुवायची. कोणाला सांगितलं नाही. भीती वाटत नव्हती असं नाही. पण एक गोष्ट तिला दिसत होती. पिलू पूर्वी झोपेत दचकायचा, दोन्ही हात पुढे करून कोणाला तरी लोटायचा. हल्ली तो शांत झोपत होता. गालांवर रंग आला होता.

तिने त्याचेही आभार मानले. कोणाचे मानतेय, ते विचारलं नाही.

४

घडीच्या खोलीचं दार पूर्ण लागत नसे. वाफेने लाकूड फुगलं होतं. एका दुपारी ताटावरून उठून मावशी त्या फटीशी उभी राहिली.

पिलू दाराकडे तोंड करून होता, थोडा तिरपा. त्याच्या दोन हातांत चादरीची दोन टोकं. चादर खोलीभर ताणलेली, पाण्यासारखी सपाट, आणि तिचा दुसरा शेवट चादरींच्या उंच फळीमागे गेलेला. तिकडचं काही दिसत नव्हतं.

अडकवली असेल. फळीमागे खुंटी आहेच की. मावशीच्या जिवात जीव आला. लबाड पोरगा! एक बाजू खुंटीला अडकवतो आणि आम्हाला वाटतं... तिला हसूच फुटणार होतं.

तेवढ्यात चादर झटकली गेली. पलीकडून. लाट फळीमागून निघाली आणि पिलूच्या हातांपर्यंत आली. खुंटी चादर धरते, झटकत नाही.

पिलू खिदळला. तो चालू लागला. त्याच्या चपलांची फटक-फटक. आणि फळीमागे आणखी एक चाल होती. अनवाणी. ओल्या फरशीवरून चालावं तशी, प्रत्येक पावलागणिक चिकटून सुटणारी. त्या चालीत एक गिरकी होती. नाचत यावं तशी.

मग शिट्टी ऐकू आली. पिलूला शिट्टी येत नाही. त्याने लहानपणी खूप प्रयत्न केला होता, नुसती थुंकी उडायची.

मावशीने डोळे मिटून घेतले. आत डोकावायचं, फळीला वळसा घालायचा, एवढंच करायचं होतं. चार पावलांचं काम. पण ती चार पावलं टाकली तर ती आई उरणार नाही, साक्षीदार होईल, असं तिला वाटलं. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "आभार."

आतले दोन्ही पायरव थांबले.

"काका," पिलूचा आवाज आला, "आई आभार म्हणाली."

खळीचा वास. मग पिलू म्हणाला, "बरं, सांगतो." आणि दाराकडे तोंड करून ओरडला, "आई! काका म्हणतात, त्यात काय एवढं!"

५

चौकीवरच्या साहेबांचा युनिफॉर्म याच दुकानात यायचा. त्यामुळे ते आधीही दोनदा आले तेव्हा अर्धी चौकशी आणि अर्धी क्रीजची तक्रार करून गेले होते. या वेळी त्यांच्या हातात कपडे नव्हते. सोबत एक म्हातारी बाई होती, काठी टेकत आलेली.

"ही गाडीवाल्याची आई," साहेब म्हणाले. "आणि मावशी, मी आज जरा वेगळ्या कामाला आलोय. शेजारच्यांचं म्हणणं, त्या दिवशी तुमच्याकडे आरडाओरडा झाला. मला पिलूशी बोलायचंय. एकट्याशी. त्याला चौकीवर घेऊन जातो."

"त्याला काय कळतंय, साहेब!" ताई काउंटरवरून पुढे आली. "माझ्याशी बोला ना."

"तुझ्याशी बोलून काय करू? तू वकिलाला विकून खाशील. पिलू खोटं बोलत नाही, म्हणून तर तो हवाय."

यजमानांनी काउंटरची कड धरली. चौकीवर नेलं तर काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. पिलूला विचारतील, काकांना काय झालं? पिलू सांगेल, मी ढकललं. एवढं एक वाक्य. त्यानंतर बंद खोली, परके हात, आणि टोक धरायला कोणी नाही. नवं मागायचं नाही असा शब्द दिला होता. मावशीने दातांखाली जीभ धरली आणि काही मागितलं नाही.

तेवढ्यात म्हातारी दांडीकडे गेली. कपड्यांच्या रांगेतून तिने तो शर्ट असा काढला जशी आई गर्दीतून पोराला काढते.

"हा माझ्या लेकाचा," ती म्हणाली.

साहेब वळले. "हा इथे कसा?"

"गिऱ्हाइकाचा कपडा आहे," मावशी कशीबशी म्हणाली. "राहिला होता. मी धुऊन ठेवला."

"कधी?"

मावशीने तोंड उघडलं, पण म्हातारीने शर्ट नाकाशी नेला होता. तिने कॉलरचा वास घेतला. पुन्हा घेतला.

"साहेब, बघा. बघा हो. हा धुतलेला नाही. हा अंगातून काढलेला आहे. हा त्याचा घाम आहे, आजचा. आईला नाही कळणार? हात लावा, ओला आहे!"

साहेबांनी कॉलरला बोट लावलं. बोटाकडे बघितलं. काखेचा डाग बघितला, कोपरांच्या चुण्या बघितल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदललं.

"मावशी, खरं सांगा. येतो का तो इथे?"

"मी बघितला नाही," मावशी म्हणाली. ते खरं होतं. "पण शर्ट मात्र रोज मळतो. मी रोज धुते." तेही खरं होतं.

"पिलू!" साहेबांनी हाक मारली. पिलू घडीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ताईने डोळे झाकून घेतले. "पिलू, तुझे गाडीवाले काका येतात का रे इथे?"

"हो," पिलू म्हणाला.

"कधी?"

"रोज. जेवायच्या वेळी. माझ्याबरोबर घडी घालतात."

"काय बोलतात?"

पिलूने विचार केला. "काका म्हणतात, चादर तोंडावर नको. श्वास कोंडतो."

यजमान खाली बसले, गुडघे दुखत असल्यासारखे.

साहेब मोठ्याने हसले. "कोणाला आवडते तोंडावर चादर! मलाही नाही आवडत." मग त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "म्हणजे बेटा जिवंत आहे आणि इथेच कुठेतरी दडून बसलाय. गाडी पुलावर सोडून आम्हाला कालवा उपसायला लावला! बरं झालं पिलूला विचारलं. पोरगं सोन्यासारखं आहे, मावशी. याला कशाला चौकीवर नेऊ?" दारातून वळून ते म्हणाले, "तो दिसला की फक्त निरोप द्या. आणि माझ्या पँटची क्रीज, दोन पडतात, तेवढं बघा."

म्हातारी मात्र गेली नाही. तिने कफ उलटला आणि निळ्या बटणावर अंगठा फिरवला.

"हे बटण कोणी लावलं?"

"मी," मावशी म्हणाली. "तुटलं होतं."

म्हातारीने शर्ट पुन्हा हँगरला लावला, खांदे सारखे केले आणि मावशीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. हात कोरडे, हलके, पाखरासारखे होते.

"तुझे उपकार कसे फेडू गं, बाई? अख्खं जग म्हणतंय गेला. तू त्याचे कपडे धुतेस, बटणं लावतेस. शर्ट इथेच राहू दे. तो इथे येतो ना, त्याला लागेल. आला की सांग, आई वाट बघतेय. रागावली नाही म्हणावं."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं म्हणतात. तिने मागितली होती सोबत. सोबत मिळाली, आणि वर सुटकाही मिळाली. ज्याला पोराने ढकललं, त्यानेच पोराला पदराखाली घेतलं होतं. आणि त्याची किंमत कोण भरत होतं, ते काठी टेकत, आशीर्वाद देत रस्त्याने जाणाऱ्या म्हातारीकडे बघताना मावशीला दिसत होतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी जेवली नाही. ताईने विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही बसा. मी पिलूजवळ आहे."

घड्या झालेल्या होत्या. पिलू कामानंतर खोलीतच सतरंजी टाकून पडायचा; तसाच पडला होता, एक हात बाजूला पसरून, तळवा उघडा. तोंडावर निवांतपणा. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

मावशीने गादी आणली आणि पिलूच्या शेजारी अंथरली. उशी ठेवली. फळीवरून एक चादर काढली, काल घडी झालेली, त्या धारदार दुमडीची. ती गादीवर उलगडली. पायांकडून वर आणली आणि छातीपाशी थांबली. तिथे तिने ती पालथी दुमडली, लहान मुलाला घालतात तशी. तोंडावर आणली नाही. उशीवर काहीच आणलं नाही.

मग ती बाजूला बसली. काय बोलायचं ते तिने रात्रभर ठरवलं होतं, पण आता सगळंच विसरली. फक्त सकाळचं राहिलं होतं ते म्हणाली.

"पिलू घरात आहे. आभार."

पसरलेल्या तळव्याची बोटं हळूच मिटली, झोपेत कोणाचा तरी हात धरल्यासारखी.

"तुझी आई येऊन गेली," मावशी म्हणाली. "वाट बघतेय म्हणाली. रागावली नाही." मग ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, पंखा आहे."

गादीवरची चादर हळूच वर झाली. खाली आली. पुन्हा वर झाली.

मावशीने मान वर करून बघितलं. घडीच्या खोलीत काम चालू असताना पंखा बंद असतो. गाडीवाला पडला त्या दिवशीही चादर पिलू आणि ताईच्या हातात होती. घडी चालू होती. पंख्याची पाती धुळीने माखलेली, स्थिर, तिच्याकडे बघत होती.

तिने हात पुढे केला आणि छातीपाशी सुरकुतलेली कड सारखी केली. खाली, अगदी हनुवटीच्याही खाली, मोकळा श्वास घेता येईल अशी.